पाचवीच्या दिवशी मुआयना

रुग्णसेवेच्या इतिहासावर मी एक पुस्तक लिहिलं आहे. ते जाड आहे, एवढ्यावर सर्व वाचकांचं एकमत आहे. त्यात रणांगणावरचे तंबू आहेत, विलायतेतल्या मोठ्या घरच्या बाया आहेत, राण्यांच्या हस्ते बसवलेल्या कोनशिला आहेत. हिंगोली मात्र नाही. हिंगोलीबद्दल मला जे ठाऊक आहे त्याला पुरावा म्हणून दाखवावा असा कागद माझ्यापाशी नाही. कागद होता. तो कुणाकडे गेला आणि का गेला, हे सांगायला तळटीप पुरत नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

नावं कुणाचीच घालत नाही. परिचारिकांच्या इतिहासात तशी दोन-चारच नावं असतात. बाकी सगळ्या ‘एक नर्स’. तीच पद्धत इथे साहेबलोकांनाही लावली आहे. त्यांना सवय नाही, थोडी गैरसोय होईल.

मी कळमनुरीची. वडील तहसील कचेरीत कारकून. निजामाचं राज्य, त्यामुळे घरात मराठी आणि शाळेत उर्दू. नर्सिंग शिकायला हैदराबादला निघाले तेव्हा आत्या दारात उभी राहून म्हणाली, “येवढं शिकून शेवटी दुसऱ्याची भांडी उचलायची, तर घरची काय कमी पडली होती?” भांडी म्हणजे ती कुठली, हे तिला बरोबर ठाऊक होतं. मी हैदराबादेत भांडीही उचलली आणि ग्रंथालयात मिळतील ती पुस्तकंही वाचली. दुसऱ्या गोष्टीचा नोकरीत काही उपयोग झाला नाही, पण पहिली करताना कंटाळा आला नाही तो या दुसरीमुळेच.

साता समुद्रापलीकडे युद्ध सुरू झालं होतं त्या सुमारास माझी नेमणूक हिंगोलीच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यात झाली. हिंगोलीतली फौजेची छावणी उठून बराच काळ लोटला होता, पण परेडची हौस त्या मुलखात मागे राहिली होती. ती आमच्या दवाखान्यात मुआयन्याच्या दिवशी उफाळून येई.

मुआयना म्हणजे वरच्या साहेबांनी येऊन तपासणी करणं. तपासायचं काय, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. परंपरेनं ठरलं होतं, की चादरी. पांढऱ्या चादरी एरवी पेटीत असत, कारण रोग्यांमुळे त्या मळत. मुआयन्याच्या दिवशी त्या बाहेर निघत, खाटांवर ताणून बसवल्या जात, आणि त्यांना सुरकुती पडू नये म्हणून रोग्यांना मागच्या कडुलिंबाखाली नेऊन ठेवत. साहेब रिकाम्या खाटांच्या रांगेतून फिरत, “सफाई उम्दा है” म्हणत, आणि निघताना झाडाखालच्या गर्दीकडे बोट करून विचारत, “ये लोग?”

“हुजूर के दीदार को आए हैं,” आमचे डॉक्टरसाहेब सांगत.

साहेब प्रसन्न होऊन हात हलवीत. हिवतापानं कापणारे रोगी लांबून तरी उलट हात हलवत असल्यासारखेच दिसत.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. माणूस सज्जन, हात हलका, शेरोशायरीची हौस. भीती एकाच गोष्टीची, वरिष्ठांची. मराठी त्यांना सगळं समजे, पण ते बोलत उर्दूतच. मला उर्दू बोलता येई, पण भांडायचं असलं की मी मराठीवर येत असे. पहिल्याच मुआयन्यानंतर मी त्यांना म्हणाले, “रोग्यांना बाहेर काढून दवाखाना दाखवायचा म्हणजे नवरदेव घरी ठेवून वरात मिरवणं.”

ते म्हणाले, “नर्स साहिबा, बारात में सब से ज़्यादा तकलीफ़ दूल्हा ही देता है.”

या माणसाशी भांडणं कठीण होतं.

माझी खरी लढाई मात्र वेगळीच चालली होती. माणसं आमच्याकडे मरायला येत. जन्माला यायला कुणी येत नसे. खोलीच्या टोकाला बाळंतिणीसाठी एक खाट ठेवलेली होती, तिच्यावर कंपाउंडरसाहेब दुपारची वामकुक्षी करत. मी कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या, मिरचीवाल्या बायांमध्ये जाऊन बसू लागले आणि बाळंतपणाला दवाखान्यात या, असं सांगू लागले. बाया ऐकून घेत. कीर्तन ऐकतात तसं, म्हणजे घरी जाऊन तसं वागायचं नाही हे धरून.

“नरसबाई, तिथं म्हणं लोखंडाच्या खाटीवर निजवतेत?”

“व्हय.”

“आन खाली?”

“खाली फरशी.”

“फरशी? मंग पाटा कुठं मांडावं? सटवाई बसंल कुठं?”

पाचव्या दिवशी दिवेलागणीला पाटा-वरवंटा मांडायचा, त्याच्यापुढे कोरा कागद, दौत आणि टाक ठेवायचा, म्हणजे सटवाई रात्री येऊन लेकराचं नशीब लिहून जाते. या देवीला फरशी चालते की नाही, याबद्दल हैदराबादच्या अभ्यासक्रमात काहीच नव्हतं. मी चालते म्हणून सांगून टाकलं.

शेवटी एक म्हातारी आली. कनेरगाव नाक्याच्या वाटेवर तिचं गाव; मेंढरं राखणारं, थोडी ज्वारी पेरणारं घर. सुनेला दिवस भरत आले होते. आधीची दोन लेकरं जन्मल्यावर आठवड्याच्या आतच गेली होती. म्हातारी सुनेला न घेता आधी एकटीच आली, आणि मेंढा विकत घेण्याआधी पाहतात तसा तिनं दवाखाना पाहिला. गादी उचलून खालून चाचपली. माठात नाक घालून वास घेतला. माझे हात उलटेपालटे करून नखं बघितली. वार कुठं पुरता, कुत्री उकरतात का, हे विचारलं. मी त्या दवाखान्यात पाहिलेला हा पहिला खरा मुआयना.

मग ती म्हणाली, “माही एकच अट हाय. पाचवी इथंच करीन. पाचवीपतुर सून जाग्यावरून हालायची न्हाई.”

“काहून?”

“दोन्ही डाव मेंढरामागं मुक्काम हालला. सटवाई आली आसंल जुन्या जाग्यावर, लेकरू न्हाई पाहून गेली माघारी. बिननशिबाचं लेकरू कसं जगावं?”

नाळ विळ्यानं कापली होती का, हे मी विचारलं. होती. मला धनुर्वाताची शंका, तिला सटवाईच्या चुकामुकीची. दोघींचं एकमत एवढ्यावर झालं की या खेपेला सुनेनं हलायचं नाही. मी शब्द दिला. कंपाउंडरसाहेबांना दुपारची झोप दुसरीकडे हलवावी लागली.

मुलगी झाली. चांगली वजनदार, आवाजाची. मी जरा जपूनच म्हणाले, “पोरगी आहे हो.”

“आसू दे की,” म्हातारी म्हणाली. “मेंढरातबी आमी माद्याच ठिवतो, नरं इकून टाकतो.”

चार दिवस आनंदात गेले. दवाखान्यात तान्ह्या लेकराचं रडणं ऐकून बाकीचे रोगीही जरा माणसात आले. एक पाय मोडलेला शेतकरी तर पाळण्याची गाणी म्हणू लागला; त्याला थांबवावं लागलं. आणि मग पाचवीच्या सकाळी फिनेलचा वास सुटला. रोगी अनुभवी होते. कुणी न सांगता त्यांनी आपापली गाडगी-मडकी आवरायला घेतली.

बडे साहेब येणार होते. खात्यातले फार वरचे.

डॉक्टरसाहेब बाळंतिणीच्या खाटेपाशी आले आणि शक्य तितक्या मऊपणानं म्हणाले, “बडी बी, घडीभर की बात है. नीम के नीचे ठंडी छाँव है.”

म्हातारी उशापाशी विळा ठेवून बसली होती. तो रिवाजच आहे. तिनं विळ्याला हातसुद्धा लावला नाही, पण डॉक्टरसाहेबांनी अंतर राखलं.

“छाव मेंढरायला पायजे. माही सून काय चादर हाय का, घडी घालून उचलायला?”

“हुजूर नाराज़ होंगे.”

“हुजूर एक डाव नाराज हुतील. सटवाई नाराज झाली तर?” मग ती माझ्याकडे वळली. “नरसबाई, तू बोलली व्हती. आता आयक. हिला हालवलं का मी दोघींला गाडीत घालून चालले. आन जाता जाता दर गावात बसून सांगत जाईन, का सरकारी दवाखान्यात चादरीसाठी बाळंतीण उठिवतेत.”

ही धमकी नव्हती, कार्यक्रम होता. वाटेतली गावं मला पाठ होती. या एका बाईला गाडीत बसवलं असतं तर त्या मुलखातून पुन्हा एकही बाळंतीण आली नसती, आणि या पोरीला पाचव्या दिवशी धुळीतून खडखडत नेलं असतं ते वेगळंच. मी डॉक्टरसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, की ही उठली तर मीही उठेन, तिच्याबरोबर झाडाखाली जाऊन बसेन, आणि साहेबांच्या दीदाराला हजर राहीन. टोपीसकट.

टोपीनं काम केलं. गणवेशातली नर्स झाडाखाली, हे दृश्य त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी तोड काढली: खाट राहू दे, पण तिच्यापुढे पडदा ओढायचा. बडे साहेब शेवटपर्यंत कुठे जातात!

साहेब सकाळी यायचे होते. वाटेत एका जमीनदाराकडे जेवायला थांबले. जेवण चांगलं असावं, कारण दुपार टळली, चादरी पुन्हा एकदा ताणून झाल्या, झाडाखालचे रोगी सावलीबरोबर सरकत सरकत भिंतीपर्यंत पोचले, तरी पत्ता नाही. दिवेलागण झाली. म्हातारीनं साहेबांची वाट पाहण्याचं कारण नव्हतं. तिनं पडद्याआड पाटा मांडला, वरवंट्याला खण नेसवला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, कणकेचे दिवे लावले, एक लिंबू ठेवलं. समोर हळदीनं माखलेल्या फडक्यावर एक कोरा कागद. दौत आणि टाक तिनं माझ्याकडून मागून घेतले होते.

“साधा बोरू आणलाय, पर सरकारी टाकानं ठळक उठतंय,” ती म्हणाली.

इतक्यात मोटार आली.

बडे साहेब शेरवानीत, डोक्याला दस्तार, कमरेला बिल्ल्याचा पट्टा. मागे पाच-सहा जणांची शेपटी. सुग्रास जेवणानं आलेली क्षमाशील वृत्ती चेहऱ्यावर. रिकाम्या खाटांमधून ते चालत गेले, चादरींना दाद देत गेले, आणि खोलीच्या टोकाला पोचले. आत दिवे लागले होते, पडदा उजळून निघाला होता.

“इस के पीछे क्या है?”

डॉक्टरसाहेब शेजारची ताणलेली चादर आणखी ताणू लागले. साहेबांनी स्वतःच पडदा सारला.

साहेब खानदानी. पदर ओढून बसलेली बाई दिसताच त्यांनी रीतीप्रमाणे नजर खाली वळवली. खाली पाटा होता.

दिवे. फुलं. पिवळं वस्त्र. त्यावर मधोमध शुभ्र कागद, आणि हाताशी भरलेली दौत.

साहेबांचा ऊर भरून आला. मागे वळून ते शेपटीला म्हणाले, “देखिए! सारे इलाक़े में फिरा हूँ. मुआयने की राय लिखने को कहीं टूटी मेज़, कहीं सूखी दवात. और यहाँ! इसे कहते हैं क़द्र!”

माझं स्टूल त्यांनी जवळ ओढलं, कागद उचलला, टाक दौतीत बुडवला आणि लिहायला सुरुवात केली.

मी त्यांना का अडवलं नाही, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. स्वतःच्या कौतुकात बुडालेल्या साहेबाला ज्यांनी कधी बाहेर काढून पाहिलं असेल त्यांनीच हा प्रश्न विचारावा. म्हातारीचं तोंड उघडलं होतं. मी तिचा हात घट्ट धरला. साहेबांनी लिहिलं, झोकात सही केली, कागद जागच्या जागी ठेवला. मग लिंबू उचलून खिशात घातलं, कारण साहेबाला लिंबू देऊन भेटायचा तेव्हा रिवाज होता आणि हे आपल्याचसाठी ठेवलं आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. मोटार धुरळा उडवत गेली.

डॉक्टरसाहेब पडदा धरून तसेच उभे होते. बाळ तेवढं मजेत चुळबुळत होतं.

“त्यो कोण व्हता?” म्हातारीनं विचारलं.

“बडे साहेब.”

“सटवाईच्या वरचा?”

“त्यांचं तसंच मत आहे.”

ती पाट्याजवळ बसली. कागदाला तिनं हात लावला नाही. विळ्यापाशी बसून साऱ्या सरकारला नमवणारी ती बाई आता नुसती एक आजी होती, दोन नातवंडं मातीत घालून आलेली. “दुसरा कागद मांडू का?” मी विचारलं.

“न्हाई. एका लेकराचं दोन डाव लिवत न्हाईत.” मग हळूच, “काय लिवलं हाय, वाच.”

मी कागद दिव्याजवळ नेला. सरकारी उर्दू होती, मुआयन्याच्या वहीत नेहमी असते तीच. “पाहणी केली,” मी मराठीत सांगू लागले. “स्वच्छता उत्तम. व्यवस्था चोख. यापुढेही हीच हालत कायम राहावी.”

म्हातारी विचारात पडली. तेवढ्यात पदराआडून सून बोलली. एवढ्या दिवसांत तिचा आवाज मी कण्हण्याखेरीज फारसा ऐकला नव्हता.

“आत्याबाई, हीच हालत म्हंजी... आत्ता हाय तशी? जिती?”

“व्हय,” मी म्हणाले. “जिती. कायम.”

सुनेनं लेकराला छातीशी ओढलं. म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला, आणि पदर खाली आला तेव्हा जुनी म्हातारी परत आलेली होती.

“राजयोग न्हाई लिवला?”

“नाही.”

“न्हाई तर न्हाई. हत्ती बांधायला जागा कुठं हाय आपल्याकडं. शई केली का?”

“केली.”

“आन शिक्का?”

शिक्का कचेरीत होता. डॉक्टरसाहेब एव्हाना भानावर आले होते आणि त्यांच्या डोक्यात वेगळीच काळजी शिरली होती. “वो काग़ज़ दफ़्तर का है,” ते म्हणाले. “हुजूर की राय है. मिसल में लगेगा.” मिसल म्हणजे कचेरीची फाईल.

“कागद माहा हाय,” म्हातारी म्हणाली. “नाक्यावरच्या दुकानातून आणलाय. शाई तुमची आसंल, ती घ्या काढून.”

डॉक्टरसाहेब असे हसले की त्यांना खाटेचा कठडा धरावा लागला. चादरीला सुरकुती पडली. तोड निघाली ती अशी: डॉक्टरसाहेबांनी साहेबांच्या मजकुराची नक्कल वहीत उतरवून घ्यायची, आणि अस्सल कागद, शिक्का मारून, लेकरापाशी राहायचा. सटवाईच्या कागदावर दवाखान्याचा शिक्का मारताना मी त्यांना पाहिलं आहे. फुंकर मारून शाई वाळवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी ती वही त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी लिहिलं तेव्हा त्या खाटेवर बाळंतीण होती, लेकरू होतं, खाली पाटा होता. हीच हालत कायम राहावी, असा लेखी हुकूम आहे. तेव्हा यापुढे मुआयन्याला खाटा रिकाम्या करणं म्हणजे हुकूम मोडणं.

त्यांनी मजकूर वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. “नर्स साहिबा,” ते म्हणाले, “आप को वकील होना था.”

पुढच्या मुआयन्याला रोगी खाटांवर होते. नवे साहेब चमकले. वही दाखवली, साहेबांनी साहेबाची सही ओळखली आणि पुढच्या खाटेकडे वळले. चादरी मळल्या, धुतल्या गेल्या, पुन्हा मळल्या. चादरींचं तेच काम असतं. आणि बाजाराच्या दिवशी मला काही सांगावं लागेनासं झालं. बायाच एकमेकींना सांगत होत्या. त्यांच्या सांगण्यात फिनेल नव्हतं, निर्जंतुक कात्री नव्हती. “तिथं नशीब सरकारी शाईनं लिवतेत, शिक्क्यानिशी,” असं सांगत. माझ्या सगळ्या भाषणांहून हे कितीतरी प्रभावी होतं. मी खुलासा करत बसले नाही.

नर्सांच्या हक्कांसाठी पुढे मी बरीच वर्षं भांडले. राहायच्या खोल्यांसाठी, आठवड्याच्या सुट्टीसाठी, लग्न झालं म्हणून कामावरून काढू नये यासाठी. माझ्याबरोबरच्या नर्सा मोर्चे आणि घोषणांवर विश्वास ठेवत. मीही घोषणा दिल्या. पण साहेबांचं मत बदलण्यात वेळ फार जातो, त्यापेक्षा त्यांच्यापुढे फुलं आणि भरलेली दौत ठेवावी, हा धडा मी कुठल्या ग्रंथालयात वाचला नव्हता.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात राज्य बदललं. शेरवान्या गेल्या, पांढऱ्या टोप्या आल्या; त्याही चांगल्या ताणून बसवलेल्या असत. दवाखान्याची उर्दू पाटी उतरवली होती आणि मराठी पाटी रंगून यायची होती, त्यामुळे काही दिवस आम्ही बिननावाचे होतो. रोग्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याच दिवसांत एका सकाळी दारात बैलगाडी थांबली. म्हातारी उतरली, मागून सून, पुन्हा पोटुशी. अजून कळा सुरूही झाल्या नव्हत्या. आणि गाडीच्या चाकाला धरून स्वतःच खाली उतरलेली एक पोरगी, गुडघे फुटलेली, केसांत गवत, तोंडात भुईमुगाची शेंग. मी तिला जवळ घेऊन डोळ्यांच्या पापण्या, दात, नखं पाहिली. व्यवस्था चोख होती.

“कागद कुठं आहे?” मी विचारलं.

“उतरंडीत. हळदीत पुरून ठिवलाय, वाळवी लागत न्हाई.” म्हातारी तडक खोलीच्या टोकाला गेली, गादी उचलून पाहिली, माठाचा वास घेतला. “हीच खाट पायजे. आन यंदा साहेब यायचा हाय का?”

“नव्या राज्याचा साहेब अजून नेमायचाय, आजी.”

“मंग कागद कोराच मांडते,” ती म्हणाली. “एक डाव सटवाईलाबी काम करू दे. किती दिवस बसंल बिचारी रिकामी?”

मी सुनेला खाटेवर निजवलं. मग कपाटातून दौत काढली, काठोकाठ भरली आणि म्हातारीच्या हाताशी नेऊन ठेवली.